इंद्रभानचा ओठ आणि पुंजाजीची मिशी

इंद्रभानच्या आणि माझ्या अंगणात एकच भिंत, तीही कमरेएवढी. वरचा अर्धा भाग एका पावसाळ्यात खाली बसला, तो दोघांनीही पुन्हा उभा केला नाही. त्यानं आळस म्हणून, मी सोय म्हणून. अशा भिंतीवरून इतकी वर्षं शेजार केल्यावर माणसाचं पाहायचं काय उरतं? तरी एक गोष्ट मला कधीच दिसली नव्हती. इंद्रभान जेवताना दिसला नव्हता.

त्याची बायको पुष्पाबाई ताट वाढायची आणि हा ते उचलून आतल्या खोलीत न्यायचा, दाराकडे पाठ करून बसायचा. गावात लग्न असलं की इंद्रभान वाढायला. पहिल्या पंगतीला वाढायला, दुसऱ्या पंगतीला वाढायला, आणि शेवटची पंगत बसली की "वासानंच पोट भरलं ना बाप्पा" असं म्हणून हात धुवायला. त्यामुळे आमच्या धाड गावात त्याची भलतीच कीर्ती झाली. वरणाची बादली घेऊन पळावं तर इंद्रभाननं, असं लोक म्हणत. आवतण द्यायला येणारेही त्याला जेवायला या म्हणत नसत, जरा लवकर या म्हणत.

कारण होता ओठ. वरचा ओठ डाव्या नाकपुडीखाली फाटलेला आणि फाटलेला तसाच वाळलेला. दोन्ही काठ वाटणीनंतरच्या भावांसारखे एकमेकांकडे पाठ करून बसलेले, मधून एक दात अष्टौप्रहर गाव पाहत राहिलेला. पाणी प्यायला तर अर्धं पोटात, अर्धं सदऱ्यावर. म्हणून खांद्यावर कायम एक रुमाल, आणि ओठावर मिशी. मिशी कसली, तुराट्यांचं छप्परच ते. खालचं घर दिसू नये म्हणून पुढे ओढून घातलेलं.

हा ओठ फाडला अस्वलानं. निदान साऱ्या गावाला तसंच ठाऊक होतं. बुलढाण्याच्या घाटात अस्वलं आहेत, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. इंद्रभानचा बाप पुंजाजी ही गोष्ट चावडीवर सांगायचा, आणि त्याच्या सांगण्यात अस्वल वर्षागणिक अंगानं भरत गेलं. आधी ते एकटं होतं. मग त्याच्या मागं दोन पिल्लं आली. पुढं पुढं तर इंद्रभाननं त्याची जीभ धरली होती, असंही झालं.

मी त्या दिवशी भिंतीपाशीच होतो. अस्वलाला चार पाय होते हे खरं. पण शिंगंही होती, आणि शिंगांना बेगड लावणं चाललं होतं. पोळ्याची सकाळ होती ती. पोरगं विशीतलं, बैलाच्या तोंडापुढं वाकून बेगड चिकटवत होतं; कासरा बापाच्या हातात. गल्लीतून ढोल गेला, बैलानं मान झटकली आणि शिंग खालून वर ओठातून गेलं. कासरा कसा ढिला पडला ते मला दिसलं नाही, माझ्याकडे पुंजाजीची पाठ होती. पण ऐन पोळ्याला घरच्या बैलानं मालकाचं पोरगं फाडलं हे गावाला कसं सांगायचं? संध्याकाळी तोरणाखाली पुंजाजी मानाचा बैल घेऊन उभा राहिला तेव्हा अस्वल जन्माला आलेलं होतं. ओठ शिवला एका फिरत्या कंपाउंडरनं. त्याची सुई पाहून मला वाटलं होतं की हा पोती शिवायला आलेला आहे. चार दिवसांत टाके उसवले, ते पुन्हा कुणी घातले नाहीत.

पुंजाजीबद्दल सांगायचं तर आधी मिशीबद्दल सांगावं लागतं, कारण ती त्याच्या आधी पोचायची. पांढरी, तुपाचा हात फिरलेली, दोन्ही टोकं वर. कुणाला रामराम घालायचा तरी पुंजाजीचा हात आधी मिशीला जाई, मग कपाळाला. घाईच्या वेळी कपाळ राहून जाई.

असं सगळं सुरळीत चाललं असताना इंद्रभानच्या मुलीचं, सिंधूचं लग्न ठरलं. स्थळ पिंपळगाव राजाचं. व्याही हिंमतराव, बागायतदार, मिशीच्या बाबतीत पुंजाजीच्या तोडीचे. बैठकीत त्यांना अस्वलाची गोष्ट ऐकवली गेली, पिल्लांसकट. ते इतके खूश झाले की देण्याघेण्याचं बोलणंच राहून गेलं. उठताना फक्त एक म्हणाले, "आमच्या घरची एक रीत हाय. मांडवात व्याही व्याह्याले घास देते. दोघं जोडीनं जेवल्याबिगर आमची पंगत उठत नाही."

सगळे वा वा म्हणाले. इंद्रभान रुमाल तोंडाला लावून उभा होता. त्याच्या मिशीखालचा तो एक दात मला त्या क्षणी फार घाबरलेला वाटला. चार गावांची माणसं समोर, शेजारी व्याही, पानात भात आणि द्रोणात कढी. कढीचा द्रोण तोंडाला लावायला दोन धड ओठ लागतात, आणि याच्याकडे दीडच होता.

यातून वाट दाखवली सईद शिंप्यानं. त्याच्या चांदबी मावशीचा नातू चुलीत पडून गाल भाजला होता, त्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात चेहरा नीट करून मिळाला होता. तेव्हा महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. राजधानी नागपुराहून कधीच मुंबईला गेली होती, पण आमची माणसं दुखणं घेऊन अजून जुन्या राजधानीलाच जायची. सईदनं दुकानाची फळी लावून घेतली आणि इंद्रभानला आपल्या भाषेत समजावलं.

"देखो भाऊ, बगलेत कपडा कमी पडला तं मी काय करतो? खालच्या काठातून कळी काढतो आन् वर जोडतो. तसंच हाय. खालच्या ओठाची एक कळी काढतेत, पर पूरी तोडत नाहीत. उलटी करून वरच्या ओठात बसवतेत. जिंदा रहना चाहिए ना तुकडा. म्हणून काही दिवस दोन्ही ओठ एकमेकायले शिवलेले राह्यतेत. तुकड्यानं वर मूळ धरलं का मंग बीच से काट देंगे."

"तवर जेवाचं कसं?"

"नळीनं. दूध, पेज. बात नहीं करना, हसना नहीं, रोना नहीं. तोंड उघडलं का टांका गया."

"आन् मिशी?"

सईदनं त्या छपराकडे पाहिलं. "मिशी तं पहिलेच जाईन भाऊ. आन् नव्या तुकड्यावर केस उगवत नाहीत. पूरी मिशी कदी येणार नाही, हे पक्कं समज."

हे बोलणं मला फार नंतर कळलं. त्या वेळी मी ऐकलं ते भिंतीपलीकडचं भांडण. संध्याकाळची वेळ, मी म्हशीला पेंड घालत होतो. इंद्रभानचा आवाज रुमालातून येई, त्यामुळे कळत नसे. पुंजाजीचा आवाज कळायला भिंत पुरी उंच असती तरी चाललं असतं.

"बाप जित्ता असताना मिशी उतरवतं? मिशी उतरते बाप मेल्यावर. मी मेलो का?"

इंद्रभान काहीतरी पुटपुटला.

"मंग थांब. मी मरतो पहिले, मंग बोड आरामात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजी पिशवी घेऊन मलकापूरला पोरीकडे निघून गेला. त्यानंतर इंद्रभाननं सिंधूला मामाच्या गावी धाडलं, घराला कुलूप लावलं आणि पुष्पाबाईला घेऊन कुठं जातो ते कुणाला न सांगता यष्टीत बसला. शेजाऱ्यालाही नाही. मी ते मनाला लावून घेतलं नाही, पण लक्षात ठेवलं.

नागपुरात काय झालं ते आता सारं गाव सांगतं. डॉक्टर तरुण होता. त्यानं इंद्रभानची हनुवटी वर करून पाहिलं आणि विचारलं, "हे कशानं?"

"अस्वलानं."

"अस्वलाच्या पंजाचे ओरखडे चार-पाच उठतात. हा एकच आहे."

इंद्रभान म्हणाला, "एकाच बोटाचं होतं."

डॉक्टरनं पुढं विचारलं नाही. मिशी उतरवली, सईदनं सांगितल्याप्रमाणे कळी बसवली, ओठ ओठाला शिवला. दवाखान्यात खाटा कमी, खाली चटयांवरही माणसं. थोडे दिवस ठेवून डॉक्टर म्हणाला, जखम चांगली आहे, घरी जा, तोंड उघडू नको, आणि ठरल्या दिवशी परत ये. तेव्हा दोघं रेल्वेनं मलकापूरपर्यंत आले. पुंजाजी तिथंच पोरीकडे होता, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. पण असं बोडकं तोंड घेऊन इंद्रभान बापासमोर कसा जाणार? दोघांनी मान खाली घातली आणि बुलढाण्याची यष्टी धरली.

आता धाडच्या स्टँडवर काय झालं ते ऐका. स्टँडवरच्या लिंबाखाली किसनराव न्हाव्याचं बस्तान. गावातल्या प्रत्येक मिशीचा हिशेब या माणसाच्या डोक्यात. इंद्रभान यष्टीतून उतरला. डोक्याला फडकं, तोंडावर रुमाल. वाऱ्यानं रुमाल उजवीकडून उडाला आणि किसनरावाला ओठाची उजवी बाजू दिसली. सफाचट. डावीकडे पांढरी पट्टी. पट्टी पाहून किसनरावानं कपाळाला आठी घातली. त्याचं निदान असं की, मलकापूरचे न्हावी हे असेच, प्रेतामागच्या माणसाचाही ओठ कापतात.

तो वस्तरा पुसून थेट चावडीवर आला. "पुंजाजी गेले."

"कोणं सांगतलं?"

"मिशीनं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण शेजारी मी. मी डोक्यात जुळवून पाहिलं. बाप 'मी मरतो पहिले' म्हणून मलकापूरला गेला. पोरगा घाईनं मागं गेला. परत आला तो मिशी उतरवून. यापेक्षा सरळ गोष्ट मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी म्हणालो, "असा राग घेऊन गेलेल्या म्हाताऱ्याच्या छातीत कळ येऊ शकते." चावडीच्या पायऱ्या उतरेपर्यंत ती कळ आलेली होती, आणि वेशीपर्यंत पुंजाजीनं शेवटचं पाणी मागितलं होतं.

इंद्रभानला कुणी विचारलं का? नाही. आमच्याकडे अशा वेळी विचारायचं नसतं, जाऊन बसायचं असतं. 'कोण गेलं' असं गेलेल्याच्या घरी विचारणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. तेव्हा गडीमाणसं जाऊन ओटीवर बसली आणि बाया आत गेल्या. सर्वांत पुढं आमच्या गीताबाई. माझी बायको रडण्यात गावात पहिली. तिनं पुष्पाबाईच्या गळ्यात हात घातला आणि "कसं झालं व माय" म्हणून सूर लावला.

पुष्पाबाई तेवढ्यात चूल पेटवत होती. तिला आधी काही कळेना. मग अंगण भरलेलं दिसलं, टोप्या काढून बसलेले गडी दिसले, आणि तिच्या मनात एकच आलं: आपण गाडीत होतो तेव्हा मलकापूरहून निरोप आला. सासरा गेला, आणि गावाला आपल्या आधी कळलं. ती जी ओरडली ती ओटीपर्यंत ऐकू आली. "त्याहीच्या दारावरून आलो व माय. तोंड लपवून आलो."

हे ऐकल्यावर कुणाला शंका उरेल? गावानं तिच्यावरून खात्री केली, तिनं गावावरून.

इंद्रभान ओटीवर खांबाला टेकून होता. बायकोचा आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला काय वाटलं असेल ते सांगायला भिंतीवरून पाहायची गरज नव्हती. मी मिशी उतरवली आणि बाप मेला, एवढंच. त्यानं दोन्ही हातांनी रुमाल तोंडावर दाबला. डोळ्यांतून धार, नाकातून एक बारीक आवाज, पण तोंड म्हणून उघडलं नाही. मंडळी फार प्रभावित झाली.

"पाह्य, कसं आवरून धरलं."

"अस्वलाशी झुंजलेला गडी हाय तो."

मग पुंजाजीच्या आठवणी निघाल्या. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून ज्यांचे त्याच्याशी वाद कोर्टापर्यंत गेले होते, ते म्हणाले असा दिलदार शेजारी होणे नाही. ज्यांना तो तीस वर्षं शिव्या देत होता, ते म्हणाले तोंडाचा फटकळ, पण मनानं लोणी. मीही म्हणालो. अशा ठिकाणी गप्प बसणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हिंमतराव पिंपळगावहून हजर. बातमीनं रात्रीतून चाळीस-पन्नास मैल कसे काढले ते तिलाच माहीत. ते इंद्रभानजवळ बसले, पाठीवर हात ठेवला, आणि पुरेसा वेळ गेल्यावर घसा साफ केला.

"व्याही, आता वर्ष पाळावं लागन. लग्न पुढच्या साली पाहू. आन् पुढच्या सालचं आज काय सांगावं, मले दुसरेही लोकं इचारून राह्यले."

इंद्रभाननं हात जोडले आणि मलकापूरच्या दिशेनं खूण केली. त्याला बापाकडे जायचं होतं. लग्नाचं बोलणं मात्र पुष्पाबाईनं दारातून ऐकलं. पोरीचं लग्न मोडत होतं. ज्या पंगतीसाठी नवऱ्यानं तोंड फाडून घेतलं ती पंगतच उठत होती.

दुःखातल्या माणसाला एकटं सोडत नाहीत, म्हणून अर्धं गाव त्याच्याबरोबर स्टँडवर निघालं. मधोमध इंद्रभान, एका बाजूला हिंमतराव, एका बाजूला मी. सगळे लिंबाखाली उभे राहिले आणि बुलढाण्याची यष्टी आली. आधी कापडाचं गाठोडं घेऊन सईद शिंपी उतरला. तो लग्नसराईचा माल आणायला मलकापूरला गेला होता. त्याच्या मागून पुंजाजी उतरला.

मिशीला ताजं तूप होतं. त्यानं माणसांची ती गर्दी पाहिली, खाली घातलेल्या माना पाहिल्या. हात मिशीला गेला, मग कपाळाला.

"रामराम मंडळी. कोण गेलं?"

कुणी बोलेना.

"बोला ना बे. कोण गेलं?"

शेवटी किसनरावालाच बोलावं लागलं. सुरुवात त्यानं केलेली. "तुमीच."

पुंजाजीनं विचार केला. "कवा?"

तेवढ्यात इंद्रभाननं त्याला पाहिलं. त्याचं सगळं अंग 'बा' म्हणायला पुढं झालं. सईदच्या हातातून गाठोडं पडलं. तो ओरडला, "तोंड नोको उघडू इंद्रभान, टांके टूटेंगे." इंद्रभाननं दोन्ही पंजे तोंडावर असे दाबले की बोटं गालात रुतली, आणि तसाच तो बापाच्या पायापाशी धुळीत बसला. तोंड मिटून माणूस किती रडू शकतो ते त्या दिवशी आम्ही पाहिलं.

पुंजाजी वाकला. त्यानं पोराचे हात धरले आणि बाजूला केले. रुमाल खाली पडला. पट्टी सुटली होती. खालच्या ओठातून वरच्या ओठात गेलेला तो मांसाचा पूल सगळ्यांना दिसला. टाके, सूज, सगळं. स्टँडवरचा कंडक्टरही घंटी द्यायची विसरला.

"सईद," पुंजाजी म्हणाला, "तू मलकापुरात सांगतलं तं मले वाटलं थोडंफार टोचलं असन. हे असं शिवलं?"

"हाव चाचा. म्हणून तं तुमाले घेऊन आलो."

"आन् अशा तोंडानं हा कोणासाठी रडून राह्यला?"

पुष्पाबाई मागून आली होती. तिनं पदर पुढं घेतला. "तुमच्यासाठी, मामाजी. कालपासून."

मंडळींत थोडी चुळबुळ झाली. काल जे जे बोलून झालं होतं ते परत घ्यायची सोय नव्हती. धुऱ्याचा एक जण तर गर्दीतून हळूच सटकला. हिंमतरावांनी मात्र सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. ते बागायतदार माणूस, त्यांना ते शोभतं.

"मामा जित्ते हायेत, आनंद हाय. पण एक इचारतो. बाप जित्ता आन् पोराची मिशी सफा, असा व्याही घेऊन मी मांडवात बसू? चार गावं येतीन. प्रत्येक जण इचारन, कोण मेलं? मिशी येऊ द्या, मंग लग्न पाहू."

"पूरी नहीं आयेगी," सईद म्हणाला. "तुकड्यावर केस येत नाहीत."

"मंग कठीण हाय."

इंद्रभान अजून खालीच बसला होता. त्यानं वर व्याह्याकडे पाहिलं, मग बापाकडे. बोलता येत नसलेल्या माणसाचं पाहणं फार लांब चालतं.

पुंजाजी लिंबाखाली गेला आणि किसनरावाच्या दगडावर बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"पेटी उघड."

"कायले?"

"मिशी उतरव."

किसनरावानं हातातली वाटी खाली ठेवली. "पण... कोण गेलं?"

"माहा बाप."

"ते तं कवाचे गेले, मामा. माह्या बापानं उतरवली होती तवा तुमची."

"पुन्हा गेला. उतरव."

किसनरावानं पाणी लावलं. त्याचा वस्तरा असा थरथरत होता की मलकापूरच्या न्हाव्याबद्दल त्याला पुढं कधी बोलता आलं नाही. डावी बाजू उतरली. अर्धी मिशी मांडीवरच्या फेट्यावर पडली तेव्हा पुंजाजीनं तिच्याकडे पाहिलं आणि तसाच, समोर बघत बोलू लागला.

"हिंमतराव, अस्वल नव्हतं. बैल होता. माह्याच गोठ्यातला. पोळ्याच्या सकाळी पोरगं बेगड लावत होतं आन् कासरा माह्या हातात होता. गल्लीतून ढोल गेला. मी म्हतलं, संध्याकाळी तोरणाखाली कसा उभा राहीन पाहू. आन् हात मिशीवर गेला." त्यानं उजवा हात उघडून दाखवला. "या हातात कासरा होता."

किसनराव थांबला.

"अर्धी राह्यली," पुंजाजी म्हणाला. "थांबू नोको."

मी इतकी वर्षं भिंतीपाशी उभा होतो आणि तो उजवा हात मला दिसला नव्हता. इंद्रभानला मात्र नवल वाटल्याचं दिसलं नाही. तो बैलाच्या तोंडापुढंच होता, त्यानं पाहिलंच असणार. आणि कधी बोलला नव्हता.

हिंमतराव दगडाजवळ सरकले. त्यांना मिशीचं काही वाटत नव्हतं आता; दुखत होतं ते वेगळंच होतं.

"म्हणजे अस्वल नव्हतंच?"

"नव्हतं."

"मी तं साऱ्या पिंपळगावात सांगून बसलो. पावण्यारावळ्यायले सांगतलं. दोन पिल्लांसकट सांगतलं."

पुंजाजीनं दोन्ही बाजूंनी गुळगुळीत झालेला ओठ पुसला. मिशीविना तो एखाद्या धुतलेल्या वांग्यासारखा दिसत होता. "मंग असं करा हिंमतराव. तिकडं तुमी अस्वल ऱ्हाऊ द्या. इकडं आमची मिशी नसू द्या. कोणी इचारलं तं सांगा, या घरात मिशी ठेवायची रीत नाही. लग्नाची तारीख तीच धरा."

हिंमतरावांनी आपल्या मिशीवरून बोट फिरवलं. अस्वल जाण्यापेक्षा व्याह्याची मिशी गेलेली त्यांना परवडणारी होती.

"चालन," ते म्हणाले.

मग इंद्रभान ठरल्या दिवशी पुन्हा नागपूरला गेला, या खेपेला बापाला घेऊन. डॉक्टरनं मधला पूल कापला आणि दोन्ही ओठ आपापल्या जागी मोकळे केले. वरच्या ओठावर एक रेघ राहिली, पिकातून गेलेल्या पायवाटेसारखी. जवळून पाहिलं तर दिसते. मी जवळून पाहिली आहे. ओठ ताठ राहू नये म्हणून डॉक्टरनं शीळ घालायला सांगितली, तेव्हा काही दिवस इंद्रभान गोठ्यात बसून बैलांना शीळ ऐकवत होता. बैलांनी ती निमूटपणे ऐकली.

वैशाखात लग्न लागलं. पंगत बसली तेव्हा पहिली अडचण अशी आली की वरणाची बादली घेऊन पळणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं इंद्रभाननं कुणाला शिकूच दिलं नव्हतं. मी धरली आणि पहिल्याच पानावर सांडली. पण कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे मधल्या दोन पानांकडे पाहत होते. एका पानावर हिंमतराव, शेजारच्या पानावर इंद्रभान, आणि पलीकडे पुंजाजी. बाप-लेक दोघंही सफाचट. लांबून आलेली दोन-तीन माणसं हळूच 'कोण गेलं' असं विचारत होती. त्यांना अस्वलाची गोष्ट सांगून गप्प केलं जात होतं.

हिंमतरावांनी बुंदीचा घास भरवला. इंद्रभाननं ओठ मिटले आणि खाल्ला. मी बादली धरून समोरच उभा होतो. माणूस जेवताना इतका साधा दिसतो हे मला माहीत नव्हतं. मग कढी आली. पळसाच्या पानाचा द्रोण, काठोकाठ. इंद्रभाननं तो दोन्ही हातांत धरला. त्याची नजर एकदा खांद्यावरच्या रुमालाकडे गेली. पुष्पाबाई दाराआड उभी होती, तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं. पुंजाजीचा हात सवयीनं वर गेला, मिशीच्या जागी काही सापडलं नाही, तर तसाच हनुवटीवर थांबला.

इंद्रभाननं द्रोण तोंडाला लावला. दोन्ही ओठ काठाला चिकटले. त्यानं मान मागं केली, आणि द्रोण खाली आला तो रिकामा. हनुवटी कोरडी. सदरा कोरडा.

एवढ्यात व्याह्यांनीही चढाओढीनं आपला द्रोण उचलला आणि एका दमात संपवला. कढी त्यांच्या मिशीच्या दोन्ही टोकांवरून थेंब थेंब नव्या कोऱ्या जाकिटावर उतरू लागली.

इंद्रभाननं खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, आणि व्याह्यांपुढं धरला.

"पुसून घ्या," तो म्हणाला. "मिशी असली का असंच होते."